कानातली वीज

कानात शिरलेला आवाज मेंदूपर्यंत आवाज म्हणून पोचत नाही. वाटेत त्याची वीज होते. हा बदल घडतो कानशिलाच्या कठीण हाडात दडलेल्या, वाटाण्याएवढ्या शंखाकृती पोकळीत. तिला कॉक्लिया म्हणतात. आवाज ऐकवल्यावर कॉक्लियात आणि तिथून निघणाऱ्या श्रवणचेतेच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात जी वीज उमटते, ती पकडून आलेखावर उतरवण्याच्या तपासणीला इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी म्हणतात, थोडक्यात ईकॉकजी.

ऐकू कमी येते म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलेल्या माणसाची पहिली तपासणी असते ऑडिओमेट्री. रुग्ण बंद खोलीत बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि बारीकसा आवाज ऐकू आला की बटण दाबतो. त्यातून निघालेला ऑडिओग्राम ‘किती ऐकू येते’ हे नेमके सांगतो. पण तो सगळा रुग्णाच्या उत्तरावर उभा असतो. तीन महिन्यांचे बाळ बटण दाबू शकत नाही. शिवाय ऐकू येत नसेल तर वाट कुठे तुटली आहे, याचा पूर्ण उलगडा ऑडिओग्राममधून होत नाही. बाहेरच्या आणि मधल्या कानातला दोष त्यात वेगळा दिसतो, पण त्याच्या आतले सगळे दोष ‘नस कमजोर आहे’ या एकाच वाक्यात गुंडाळले जातात. खरे तर त्यांतले पुष्कळसे दोष नसेचे नसतातच. ज्या पेशी आवाजाची वीज करतात त्यांचे ते असतात, आणि या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ईकॉकजीचे महत्त्व इथेच आहे. ‘किती’ या प्रश्नापेक्षा ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर ती जास्त चांगले देते.

ही वीज येते कुठून, ते समजायला कॉक्लियाच्या आत डोकावावे लागते. अडीच वेढ्यांचा हा शंख उलगडला तर त्याची लांबी साधारण 35 मिलिमीटर भरेल. त्याच्या लांबीभर पातळ पडद्यांनी वेगळे केलेले तीन द्रवभरले कप्पे असतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यातला द्रव शरीरातल्या इतर पेशीबाह्य द्रवांसारखाच सोडियमयुक्त असतो. मधल्या कप्प्यातला द्रव मात्र विलक्षण आहे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नगण्य असते. शिवाय बाजूच्या कप्प्यांच्या तुलनेत त्यावर सुमारे 80 मिलिव्होल्टचा धन विद्युतभार कायम राखलेला असतो. कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवरचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला पट्टा हा भार रात्रंदिवस टिकवतो. त्याचा रक्तपुरवठा किंवा प्राणवायू तुटला की भार काही मिनिटांतच ओसरतो. जन्माने हंगेरियन असलेले शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हा भार मोजला. कॉक्लियात आवाजाची लाट कशी सरकते, या त्यांच्या संशोधनाला 1961 चे नोबेल मिळाले.

मधल्या कप्प्याच्या तळाशी असलेल्या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या तीन रांगांत मिळून सुमारे बारा हजार. माणसाला आयुष्यभरासाठी मिळतात त्या एवढ्याच. मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. प्रत्येकीच्या माथ्यावर सूक्ष्म रोमांचा झुबका असतो. आवाजाने द्रव हलला की पडदा हलतो, झुबका एका बाजूला कलतो आणि रोमांच्या टोकांवरची अतिसूक्ष्म दारे उघडतात. बाहेर धन भार, पेशीच्या आत ऋण भार. दार उघडताच पोटॅशियम आत धावते. झुबका उलट बाजूला कलला की दारे मिटतात. असे सेकंदाला शेकडो, हजारो वेळा घडते. या विजेच्या धक्क्यामुळे आतल्या रांगेतल्या केशपेशी आपल्या बुडाशी एक रसायन सोडतात आणि त्यांना चिकटलेले चेतातंतू जागे होतात. श्रवणचेतेत असे तंतू साधारण तीस हजार असतात.

म्हणजे एकाच जागी दोन तऱ्हेची वीज आहे, एक केशपेशींची आणि दुसरी चेतातंतूंची. कोणती कुणाची हे ओळखणे हा या तपासणीचा गाभा आहे, आणि तिचा इतिहास सुरू होतो तोच ही ओळख चुकण्यापासून.

1930 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात अर्नेस्ट ग्लेन वीव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी भूल दिलेल्या मांजराच्या श्रवणचेतेवर तार टेकवली, तिच्यातून येणारी वीज प्रवर्धित केली आणि टेलिफोनच्या श्रवणयंत्राला जोडली. एकाने मांजराच्या कानाशी बोलायचे आणि दुसऱ्याने लांबच्या आवाजबंद खोलीत ते यंत्र कानाला लावायचे. बोललेले शब्द स्पष्ट ऐकू आले. मांजराचा कान मायक्रोफोन झाला होता! दोघांना वाटले की, श्रवणचेता आवाजाची हुबेहूब नक्कल मेंदूकडे पाठवते. पण एक अडचण होती. एकटा चेतातंतू सेकंदाला हजाराहून फार जास्त वेळा चेतू शकत नाही आणि या तारेत त्याहून कितीतरी उंच स्वर उतरत होते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी सुचवले की, ही नक्कल चेतेची नसून कॉक्लियाची असावी. हॅलोवेल डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही विजा वेगळ्या करून दाखवल्या, तेव्हा कळले की वीव्हर-ब्रे यांच्या तारेत दोन्हींचे मिश्रण येत होते. कॉक्लियाच्या त्या हुबेहूब नक्कल करणाऱ्या विजेला ‘कॉक्लियर मायक्रोफोनिक’ हे नाव पडले, ते आजही चालते.

माणसाच्या कानातून ही वीज पहिल्यांदा टिपली ती 1935 मध्ये स्वीडनच्या फ्रॉम, न्यूलेन आणि झॉटरमान यांनी, पडद्याला आधीच भोक असलेल्या रुग्णांच्या कानात तार घालून. यातले कार्ल न्यूलेन म्हणजे 1921 मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरणारे शल्यचिकित्सक. त्यानंतरची तीस वर्षे मात्र गाडी फारशी पुढे सरकली नाही. कानातली वीज इतकी क्षीण, की स्नायूंच्या, मेंदूच्या आणि खोलीतल्या दिव्यांच्या विजेत ती बुडून जायची. शस्त्रक्रियेच्या वेळी कान उघडा असेल तरच ती हाती लागे.

वाट मोकळी केली संगणकाने. तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकवायचा आणि प्रत्येक वेळची नोंद आधीच्या नोंदींत मिळवून सरासरी काढायची. कानाचा प्रतिसाद दर वेळी त्याच क्षणी येतो, म्हणून तो टिकतो. बाकीचा गोंगाट कधी वर तर कधी खाली जातो आणि सरासरीत विरत जातो. शंभर नोंदींची सरासरी काढली तर गोंगाट दहा पटींनी कमी होतो. हजार नोंदींत सुमारे बत्तीस पटींनी. 1967 या एकाच वर्षात तीन ठिकाणांहून यश आले. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल पोर्टमान, ल बेर आणि आराँ यांनी कानाच्या पडद्यातून बारीक सुई घालून नोंद घेतली. जपानच्या योशिए यांच्या गटाने कानाच्या नळीच्या कातडीवरून, आणि इस्रायलच्या सोहमर व फाइनमेसर यांनी तर पाळीवर लावलेल्या इलेक्ट्रोडवरून. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची ही वीज बाह्यरुग्ण विभागात आली ती तेव्हापासून.

आलेखावर तीन गोष्टी पाहतात. पहिली मायक्रोफोनिक. आवाजाची लाट जशी वरखाली होते, तशी तीही होते. ती मुख्यतः बाहेरच्या रांगांतल्या केशपेशींची. दुसरी ‘समेटिंग पोटेन्शियल’, संक्षेपाने एसपी. केशपेशी दोन्ही दिशांना सारख्याच प्रतिसाद देत नाहीत, एका बाजूला झुकते माप असते. त्यामुळे आवाज चालू असेपर्यंत विजेची मूळ पातळीच किंचित सरकून राहते. तो सरकलेला भाग म्हणजे एसपी. हीदेखील प्रामुख्याने केशपेशींचीच. तिसरी ‘ॲक्शन पोटेन्शियल’ म्हणजे एपी, ही श्रवणचेतेची. एकेका तंतूची वीज बाहेरून दिसणे शक्यच नसते. शेकडो-हजारो तंतू एकाच क्षणी चेतले तरच बेरीज होऊन आलेखावर टोक उमटते. दिंडीतले सगळे टाळ एका ठेक्यावर पडले तर त्यांचा एकच खणखणीत नाद निघतो. तेच टाळ मागेपुढे वाजले तर नुसती कुणकुण राहते. म्हणूनच एपीसाठी एकदम सुरू होणारा टकटक आवाज, ‘क्लिक’, वापरतात. त्याची लांबी सेकंदाचा दहा हजारावा भाग असते. जोरकस क्लिकनंतर सुमारे दीड मिलिसेकंदाने एपीचे टोक दिसते. लहान मुलांच्या श्रवणाची जी ‘बेरा’ तपासणी पालकांना ऐकून माहीत असते, तिच्यातली पहिली लाट म्हणजे हीच एपी. बेरा तिथून पुढे मेंदूच्या बुंध्यापर्यंतचा प्रवास दाखवते, तर ईकॉकजी त्या पहिल्या लाटेच्या आधीचे आणि आसपासचे बारकाईने पाहते.

तिन्ही विजा एकाच वेळी येतात, मग वेगळ्या कशा करायच्या? त्यासाठी एक साधी आणि सुंदर युक्ती आहे. क्लिक दोन तऱ्हेने देता येतो, पडद्याला आधी आत ढकलणारा किंवा आधी बाहेर ओढणारा. मायक्रोफोनिक आवाजाची नक्कल असल्यामुळे क्लिक उलटला की तीही उलटते. एसपी आणि एपी उलटत नाहीत. दोन्ही नोंदींची बेरीज केली की मायक्रोफोनिक कटून एसपी-एपी उरतात आणि वजाबाकी केली की मायक्रोफोनिक उरते.

प्रत्यक्ष तपासणीत सगळा भर इलेक्ट्रोड कुठे ठेवला यावर असतो. कॉक्लियाच्या जितके जवळ जावे, तितकी नोंद मोठी आणि स्वच्छ येते. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे कानाच्या नळीत बसणारी, सोन्याचा वर्ख गुंडाळलेली स्पंजाची गुंडी. तिच्यातूनच आवाज आत जातो आणि तिच्यावरूनच वीज बाहेर येते. काही दुखत नाही, पण नोंद बहुधा एक मायक्रोव्होल्टच्याही खाली राहते. दुसऱ्या प्रकारात मऊ, ओलसर टोकाची लवचीक तार कानाच्या पडद्याला हलकेच टेकवतात. पडद्याला स्पर्श होताना रुग्णाला क्षणभर अस्वस्थ वाटते, पण नोंद चांगली मिळते. तिसरा प्रकार डॉक्टरच करू शकतात. पडदा बधिर करून त्यातून सुई आत घालायची आणि मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवर, जिच्यामागे कॉक्लियाचा पहिला वेढा आहे, तिथे टेकवायची. नोंद कित्येक पटींनी मोठी येते आणि थोड्याच पुनरावृत्तींत काम भागते. सुईचे छिद्र सहसा आपोआप बुजते. लहान मुलांत यासाठी पूर्ण भूल लागते, मात्र भुलीने कॉक्लियाच्या विजेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

नळीतल्या इलेक्ट्रोडची तपासणी सुरू होण्याआधी कानातला मळ काढतात, कपाळावरची आणि कानामागची कातडी खरखरीत जेलने घासून त्यावर चकत्या चिकटवतात. मग रुग्णाने आडवे पडून राहायचे, एवढेच त्याचे काम. दात आवळले, मान ताठ धरली, आवंढा गिळला की स्नायूंची वीज नोंदीत शिरते. झोप लागली तर उत्तमच. कानात एकसारखी टकटक चालू राहते. पडद्यावर सुरुवातीला नुसता खडबडाट दिसतो. शे-दोनशे क्लिक होता होता त्यातून एक दरी आकार घेऊ लागते, हजाराच्या पुढे ती ठसठशीत होते. मग ऑडिओलॉजिस्ट सगळे पहिल्यापासून पुन्हा करतात. दुसरी नोंद पहिलीवर तंतोतंत बसली तरच ती कानाची मानायची.

मायक्रोफोनिकच्या बाबतीत आणखी एक खातरजमा लागते आणि ती वगळली तर अनर्थ होऊ शकतो. आवाज देणाऱ्या यंत्राच्या कॉइलमध्येही वीज असते आणि तिचे चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रोडच्या तारेत शिरते. तिचा आकारही आवाजाच्या लाटेसारखाच असतो. म्हणजे साफ बहिऱ्या कानातूनही ‘उत्तम मायक्रोफोनिक’ आल्याचा भास होऊ शकतो. म्हणून आवाज यंत्रातून कानापर्यंत नेणारी रबरी नळी चिमट्याने दाबून धरतात आणि सगळे तसेच ठेवून पुन्हा नोंद घेतात. यंत्र चालू असते, वीजही तीच असते, फक्त आवाज कानात जात नाही. आलेख सपाट झाला तर आधीची नोंद कानाची, आणि तीच लाट पुन्हा दिसली तर ती यंत्राची. ज्या अहवालात मायक्रोफोनिकवर निदान बेतलेले आहे, त्यात नळी दाबून घेतलेली नोंद जोडलेली असलीच पाहिजे.

या तपासणीचे नाव सर्वांत जास्त जोडले गेले ते मेनियरच्या विकाराशी. पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेनियर यांनी 1861 मध्ये दाखवून दिले की, गरगरून चक्कर येणे, उलट्या होणे, कानात गुंई आवाज आणि कमी ऐकू येणे हे सगळे मेंदूच्या झटक्यामुळे नव्हे, तर आतल्या कानातल्या बिघाडामुळे होऊ शकते. बिघाड नेमका कोणता, हे कळायला 1938 उजाडले. लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांना, आणि त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांना, मृत रुग्णांच्या कानशिलाच्या हाडांत मधला कप्पा द्रवाने टम्म फुगलेला आढळला. फुगलेल्या कप्प्यामुळे केशपेशींखालचा पडदा एका बाजूला ढकलला जातो, झुकते माप आणखी झुकते आणि एसपी वाढते. म्हणून एसपी ही एपीच्या किती पट आहे, हे गुणोत्तर पाहायची पद्धत पडली. सुईच्या नोंदीत ते साधारण 0.4 च्या आणि नळीतल्या इलेक्ट्रोडने 0.5 च्या वर गेले तर कप्पा फुगल्याचा संशय घेतात. नेमकी सीमारेषा प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या निरोगी लोकांच्या नोंदींवरून ठरवायची असते. ग्लिसरॉल पाजून शरीरातले पाणी तात्पुरते ओढून घेतल्यावर काही रुग्णांत हे गुणोत्तर खाली येते, हे पाहून या तर्काला बळ मिळाले.

तर्क पटण्यासारखा होता, पण निदानाच्या कामी तो पुरला नाही. मेनियर असलेल्या पुष्कळ जणांत गुणोत्तर सामान्यच येते, विशेषतः दोन झटक्यांच्या मधल्या काळात. विकार जुना होऊन श्रवण खालावले की एपीच पुसट होते आणि गुणोत्तराला अर्थ राहत नाही. उलट मेनियर नसतानाही ते वाढलेले दिसू शकते. अमेरिकन तज्ज्ञ लॉइड मायनर यांनी 1998 मध्ये वर्णन केलेल्या एका विकारात आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड विरलेले असते. अशा रुग्णाला मोठ्या आवाजाने चक्कर येते. स्वतःचे बोलणे कानात घुमते, कधीकधी डोळ्यांच्या बुबुळांची हालचालसुद्धा ऐकू येते. यातही गुणोत्तर वाढते आणि शस्त्रक्रियेत ती नलिका बुजवताच खाली येते. म्हणजे वाढलेले गुणोत्तर आतल्या कानाचे यांत्रिक संतुलन बिघडल्याचे सांगते. कशामुळे ते सांगत नाही. 2015 मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञसंस्थांनी मिळून ठरवलेल्या निकषांत मेनियरचे निदान लक्षणे आणि ऑडिओग्राम यांवर टेकवले आहे: वीस मिनिटे ते बारा तास टिकणारे किमान दोन गरगरीचे झटके, खालच्या स्वरांचे श्रवण घटल्याचा पुरावा, आणि कमीजास्त होणारी कानाची लक्षणे, म्हणजे दडा बसणे, गुंई आवाज येणे. अमेरिकन कान-नाक-घसा अकादमीच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तर मेनियरच्या निदानासाठी ईकॉकजी सरसकट करू नये असेच म्हटले आहे. तेव्हा चक्कर आली की ईकॉकजी, आणि गुणोत्तर 0.5 आले की मेनियरच्या गोळ्या, हा सरधोपट मार्ग सोडायला हवा. झटके कधी आले, किती वेळ टिकले, तेव्हा कानात काय वाटले हे रुग्णाने वहीत टिपून ठेवले तर डॉक्टरांना त्याचा या गुणोत्तरापेक्षा जास्त उपयोग होतो.

खरी बाजी ईकॉकजी मारते ती लहान मुलांत. आर्नल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दहा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या केशपेशी काम करत होत्या, मायक्रोफोनिक येत होती, बेराच्या लाटा मात्र नव्हत्या किंवा पार विस्कटलेल्या होत्या. या अवस्थेला ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ म्हणतात. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. चारजण एकदम बोलत असले तर मुळीच नाहीत. टाळ वाजतात, ठेका जुळत नाही, अशी ही स्थिती. नवजात बाळांत तिचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे अनोळखी नाहीत. दिवस भरण्याआधी जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, आणि मेंदूला इजा करण्याइतकी वाढलेली कावीळ. ‘बाळाला पेटीत ठेवले होते’ असे आई सांगते तेव्हा अनेकदा यांपैकीच काहीतरी घडलेले असते.

इथे एक फसवी जागा आहे. नवजात बाळाच्या श्रवणाची चाळणी पुष्कळ ठिकाणी ‘ओएई’ या झटपट तपासणीने होते. ती बाहेरच्या रांगांतल्या केशपेशींचा प्रतिध्वनी ऐकते. न्यूरोपथीत नेमक्या त्याच पेशी शाबूत असतात. बाळ चाळणीत ‘पास’ होते, आईवडील निश्चिंत होतात आणि दीड-दोन वर्षांचे मूल बोलत का नाही, हा प्रश्न पडेपर्यंत भाषेचा मोलाचा काळ निघून जातो. म्हणून अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळांची चाळणी बेराच्या पद्धतीनेच करावी, असे अमेरिकेतल्या नवजात श्रवणविषयक संयुक्त समितीने 2007 मध्येच सांगितले. आपल्याकडेही पेटीतल्या प्रत्येक बाळाच्या पालकांनी ‘ओएई पास’ एवढ्यावर न थांबता बेरा मागून घ्यावी. बेरामध्ये लाटा नाहीत असे दिसले तर नोंदीच्या सुरुवातीला मायक्रोफोनिक आहे का, हे दोन्ही तऱ्हेचे क्लिक वेगवेगळे देऊन आणि नळी दाबून पाहायचे असते. बेराचे यंत्र त्यासाठी पुरते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

त्यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दोष केशपेशीच्या बुडाशी आहे की चेतातंतूत? सुईने घेतलेली ईकॉकजी इथे फार बारीक फरक दाखवते. ‘ओटोफर्लिन’ नावाचे प्रथिन सदोष असेल तर केशपेशी चेततात, पण रसायन नीट सोडू शकत नाहीत. आलेखात एसपी वेळेवर येते आणि एपीच्या धारदार टोकाऐवजी बुटकी, लांबट दरी दिसते. अशा मुलांत कॉक्लियर इम्प्लांट चांगले काम करते, कारण ते केशपेशीला वगळून थेट चेतेला वीज देते. चेतातंतूच अपुरे असतील तर त्याचा फायदा बेताचाच होतो. ओटोफर्लिनच्या दोषावर आता जनुकोपचारही पुढे आला आहे. 2024 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये शांघायच्या फूदान विद्यापीठाच्या रुग्णालयातील सहा मुलांवरच्या उपचारांचा अहवाल आला. त्यांतल्या पाचजणांचे श्रवण सुधारले होते.

तरुण माणसांच्या बाबतीत या तपासणीकडून वेगळीच अपेक्षा आहे. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचून आलेल्याच्या कानाला दडे बसतात, दोन दिवसांनी सुटतात आणि ऑडिओग्राम पूर्ववत येतो. उंदरांवरच्या प्रयोगांत 2009 मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी दाखवले की, अशा ‘बऱ्या झालेल्या’ कानात केशपेशी शाबूत राहिल्या तरी त्यांचे चेतातंतूंशी असलेले कित्येक सांधे कायमचे तुटलेले असतात. एसपी तशीच आणि एपी लहान, अशी खूण माणसाच्या कानातही सापडेल का, यावर संशोधन चालू आहे. काही अभ्यासांत ती दिसली, काहींत नाही. माणसामाणसांतला नैसर्गिक फरक एवढा मोठा आहे की एकट्या व्यक्तीच्या नोंदीवरून तसे निदान करणे आज शक्य नाही. पण ऑडिओग्राम चांगला आला म्हणजे कानाला काही झाले नाही, हा दिलासा आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही.

सर्वांत नवा वापर शस्त्रक्रियागृहातला आहे. कॉक्लियर इम्प्लांट बसवताना इलेक्ट्रोडांची एक बारीक लवचीक पट्टी कॉक्लियाच्या वेढ्यांत सरकवतात. पूर्वी इम्प्लांट फक्त पूर्ण बहिऱ्या कानातच बसवत. आता खालच्या स्वरांचे थोडे श्रवण शिल्लक असलेल्यांनाही ते देतात, आणि ते उरलेसुरले श्रवण वाचवणे महत्त्वाचे ठरते, कारण गोंगाटात बोलणे समजायला आणि गाणे ऐकायला त्याची मोठी मदत होते. पट्टी आत जाताना पडद्याला घासली तर ते श्रवण जाऊ शकते, आणि सर्जनच्या बोटांना हा स्पर्श जाणवतोच असे नाही. म्हणून कानात 500 हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर चालू ठेवून पट्टीच्याच टोकाच्या इलेक्ट्रोडवरून मायक्रोफोनिक मोजत राहतात. खालच्या स्वरांना प्रतिसाद देणाऱ्या केशपेशी शंखाच्या टोकाकडे असतात. पट्टी आत सरकते तशी ती त्यांच्या जवळ जाते आणि नोंद वाढत जाते. ती अचानक कोसळली तर सर्जन थांबतात, पट्टी किंचित मागे घेतात, कोन बदलतात आणि नोंद पुन्हा उभी राहिली की पुढे जातात. मात्र नोंद घसरण्याला धक्क्याखेरीज इतरही कारणे असू शकतात, जसे की पट्टीचे टोक या विजेच्या उगमबिंदूच्या पुढे निघून जाणे. तो फरक क्षणार्धात ओळखणे अजून कठीण आहे. मेंदूच्या बाजूने श्रवणचेतेवर वाढलेली गाठ काढतानाही ईकॉकजी चालू ठेवून कॉक्लियाचा रक्तपुरवठा आणि चेता शाबूत आहेत का, यावर नजर ठेवतात.

महाराष्ट्रात ही तपासणी प्रत्येक गावच्या दवाखान्यात होत नाही. मोठ्या शहरांतली वैद्यकीय महाविद्यालये आणि श्रवणकेंद्रे यांच्याकडे चौकशी करावी लागते. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण-वाचेच्या तपासण्या करते. केंद्र सरकारच्या ज्या योजनेतून गरजू घरांतल्या लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांट मिळते, तिचे समन्वयाचे कामही याच संस्थेकडे आहे. तपासणीला जाताना आधीचे सगळे ऑडिओग्राम, बेराचे आलेख आणि बाळ असेल तर जन्माच्या वेळची रुग्णालयातली कागदपत्रे बरोबर न्यावीत. कानातून पाणी-पू येत असेल तर आधी तो उपचार पुरा करावा, कारण मधल्या कानातून आवाज नीट आतच गेला नाही तर आतली वीजही क्षीण येते. श्रवण खूपच कमी असेल, विशेषतः उंच स्वरांचे, तर क्लिकला एपी येतच नाही. अशा वेळी नोंद कोरी आली, तर तिच्यावरून दोष कुठे आहे हे ठरवता येत नाही.